आत्यांच्या ओसरीचा चिक

आमच्या घराची ओसरी पश्चिमेकडे तोंड करून आहे. ज्यानं ती तशी बांधली त्याला एकतर सोलापूरचा उन्हाळा ठाऊक नव्हता, नाहीतर त्याला स्वतःला त्या घरात राहायचं नव्हतं. दुपारचा गिरणीचा भोंगा झाला की ऊन पायरीवर येतं, मग जोत्यावर चढतं आणि दिवस कलेपर्यंत भिंतीला टेकून बसतं. पाहुण्याला उठा म्हणता येत नाही, तसं त्यालाही म्हणता येत नाही.

त्या ओसरीवर सोजरआत्यांचा संसार होता. माझ्या मालकांच्या या सख्ख्या आत्या. लग्नाची हळद उतरली नाही तोच नवरा गेला, आणि सासरच्यांनी त्यांना करकंबला माहेरी आणून सोडलं. पुढं मालकांना इथं गिरणीत काम लागलं तेव्हा "ज्ञानबाला भाकरी कोन घालंल?" म्हणत त्याही सोलापुरात आल्या. मी लग्न होऊन आले आणि भाकरीचा प्रश्न मिटला. मग पोरं झाली आणि घरातल्या दोन खोल्यांत जागाच उरली नाही. कुणी काही बोलायच्या आत आत्यांनी आपली वळकटी उचलली, मिश्रीची डबी घेतली आणि ओसरी गाठली.

ओसरीवर जाऊन त्यांचं नुकसान झालं असं कुणी समजू नये. आमच्या गल्लीतून सगळी पाळी गिरणीला जायची आणि यायची. त्यातला एकही माणूस आत्यांच्या तावडीतून सुटत नसे. "काय रं, रातच्याला बायकू लई वरडत व्हती, काय झालं?" असं भर रस्त्यात विचारायला त्यांना काही वाटत नसे, आणि गंमत अशी की सांगणारालाही वाटत नसे. आत्यांशी न बोलता पुढं गेलं की वाटेत ठेच लागते, असा गल्लीत समज होता. तो आत्यांनीच पसरवला होता.

फाल्गुन सरता सरता एका दुपारी त्यांना घेरी आली. ज्वारी निवडता निवडता सुपावरच कलंडल्या. मी कांदा फोडून नाकाशी धरला, तशा उठून बसल्या आणि म्हणाल्या, "सूप मोडलं का बग गं आदी."

नेमके त्याच दिवशी माझे थोरले दीर कुंडलिकभावजी गूळ घेऊन पेठेत आले होते. ते करकंबला शेतातल्या वस्तीवर राहतात. घरी टेकायला म्हणून आले ते ह्या प्रसंगात सापडले. पाणीसुद्धा न पिता धाकट्या भावाला म्हणाले, "ज्ञानबा, म्हातारीला सांडग्यावानी वाळत घातलीस व्हय रं?"

"दादा, जागा कुटं हाय घरात?"

"ते मला न्हाय ठावं. अकितीला मी येतो. तवर वसरीला आडोसा झाला तर झाला. न्हाय तर आत्याला मी घिऊन जातो. वस्तीवर लिंबाची सावली हाय, थंडगार."

अक्षय तृतीयेचा वायदा करून भावजी गेले.  रात्री मी अंथरूण घालायला गेले तेव्हा आत्या म्हणाल्या, "सावली हाय, खरं हाय. पर सावलीशी बोलू का मी? वस्तीवर समद्या म्हशी. म्हशी ऐकून घेत्यात बापड्या, पर हुंकार देत न्हायीत."

"पण तिथं बजाबाई आहेत की," मी म्हटलं. बजाबाई म्हणजे माझी थोरली जाऊ.

"बजीबी हुंकार देत न्हाय." मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "मला न्हेऊ दिऊ नका गं."

जन्मभर त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. सोमवारी मी तळ्यातल्या देवळात गेले आणि सिद्धेश्वरापुढं पदर पसरला. देवाकडं मुलाबाळांसाठी मागताना कधी संकोच वाटला नाही, पण ओसरीला पडदा मागताना जरा लाज वाटली. देव म्हणेल, हे तर पेठेत मिळतं.

पेठेत पुष्कळ मिळतं. पण घ्यायचं काय, हे ठरायला हवं ना.

आधी ह्यांनी गोणपाट लावलं. भावजींच्याच गुळाची रिकामी पोती उसवून, जोडून मी शिवली. ऊन अडलं. पण पोत्यांतला गूळ उन्हानं पाझरायला लागला आणि मुंगळे, माश्या, गांधीलमाश्या असा सगळा गाव ओसरीवर लोटला. दुसऱ्या दिवशी आत्या आतून ओरडल्या, "ज्ञानबा, मला काय गुळाची ढेप समजलास व्हय रं?" एक गांधीलमाशी त्यांच्या कानाला चावली होती आणि कान वांग्याएवढा झाला होता. गोणपाट उतरलं.

मग मी पाहुण्यांसाठी ठेवलेली नवी चादर काढून दिली. लालभडक, काठाला मोर. पण सोलापुरात दारावर चादर टांगायची म्हणजे काय, हे आम्हा इथं राहणाऱ्यांना तरी कळायला हवं होतं. ज्या गावात दोन घरांआड माग चालतो, तिथं टांगलेल्या कापडाला हात लावल्याशिवाय माणूस पुढं सरकत नाही. येणारा-जाणारा थांबे, कोपरा धरी, उलटा करून बघे. "वीण सैल हाय." "रंग उतरंल बगा ह्यो." समोरचा साळी रोज कामावर जाताना एकदा आणि येताना एकदा तोच मोर चिमटीत धरून "मान वाकडी" म्हणून जाई. आत्या आतून सगळ्यांना उत्तरं देत होत्या. "तुजी मान सरळ हाय ते बग."

बाजारच्या दिवशी मी पाण्याला गेले होते. परत येते तो ओसरीवर ऊन लख्ख पसरलेलं आणि आत्या उन्हात बसून हसताहेत.

"चादर?"

"इकली."

"विकली? आत्याबाई, ती आपली चादर होती!"

"मला काय म्हाईत न्हाय व्हय? वेळापूरचा मानूस व्हता गं. लेकीला न्ह्यायची म्हनला. मावशी, मावशी करत व्हता. आन् पयल्यांदाच कुनी वीण चांगली हाय म्हनलं. मग मला न्हाय म्हनवंना." पैसे त्यांनी माझ्या ओच्यात टाकले. घासाघीस करून चढा भाव घेतला होता, ते मात्र खरं.

यानंतर ह्यांच्या डोक्यात चिक शिरला. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर काही निरोप घेऊन हे गेले होते, तिथं व्हरांड्याला बांबूच्या बारीक काड्यांचे पडदे सोडलेले त्यांनी पाहिले. माळ्यानं नाव सांगितलं, चिक. संध्याकाळी जेवताना आमच्याकडे दुसरा विषय नव्हता.

"ऊन आत येत न्हाय, वारा येतो. आन् मौज म्हंजी आत बसलेल्याला भायेरचं समदं दिसतं, पर भायेरच्याला आतलं काय बी दिसत न्हाय."

आत्यांचा घास हातातच राहिला. "म्हंजी मी लोकास्नी बघनार, आन् मला कुनी बघनार न्हाय?"

"न्हाय."

"मग मी मेले का काय?"

"आत्या, साहेबाची मडम बसते तशी!"

"तिला कोन हाक मारतंय गल्लीत?" आत्या म्हणाल्या आणि पुढं जेवल्या नाहीत.

पण अक्षय तृतीया जवळ येत होती आणि ह्यांना आता चिकाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. बुरूड गल्लीतल्या निंगव्वाकडून आम्ही सुपं-टोपल्या घेत असू. ती अक्कलकोटकडची, घरात कानडी, बाहेर मराठीची मोडतोड. हे कामावर जाता जाता तिच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "निंगव्वा, वसरीला लावायला चिक पाहिजे."

"चिक्क?" तिनं विचारलं.

"व्हय, चिक."

"बरं की यप्पा."

दोन दिवसांनी तिनं आणून दिला तो पडदा आमच्या भिंतीतल्या देवळीला पुरला असता. हे वैतागले. "अगं बाई, हे काय आणलंस? चिक पाहिजे म्हटलं ना? चिक!"

निंगव्वानं पडदा उलटसुलट करून बघितला. "इन्नू चिक्क?"

"व्हय!"

पुढच्या वेळी तिनं आणला तो सुपाएवढा होता. ह्यांचा आवाज चढला. माणसाला आपलं म्हणणं समजत नाही असं वाटलं की आपण तेच मोठ्यानं म्हणतो. हे गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "चिक! चिक! चिक!" निंगव्वा घाबरून पळाली. तिसऱ्या दिवशी आली ती रागानं लाल होऊन. पदराची गाठ सोडून तिनं तळहाताएवढी एक बांबूची जाळी ओसरीवर आपटली.

"घे! याच्याहून चिक्क देवानंबी केलं न्हाई की रे यप्पा. डोळे गेले माझे. मुंगीच्या वसरीला लावतोस का काय?"

ओसरीच्या कोपऱ्यात आत्या तोंडात पदर कोंबून गदागदा हलत होत्या. मला वाटलं पुन्हा घेरी आली. जवळ गेले तर हसू. "कानडीत चिक्क म्हंजी ल्हान गं, इन्नू चिक्क म्हंजी आनखी ल्हान," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्यो म्हनतोय चिक, आन् ती बिचारी आनतीया ल्हान ल्हान."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवसापासनं."

"मग सांगितलं का नाही?"

आत्या हसायच्या थांबल्या. "सांगितलं असतं तर मोटा झाला असता की त्यो."

उलगडा झाल्यावर निंगव्वाही हसली, पण असला बारीक काड्यांचा मोठा पडदा आमच्यात कुणी विणत नाही, म्हणाली. पेठेतला दुकानदार म्हणाला, पुण्याहून मागवावा लागेल, वैशाख संपेल. सण तर चार दिवसांवर आला. तेव्हा ह्यांनी ठरवलं की ही अडचण दादांच्या कानावर घालावी. भावजींना वाचता येत नाही. म्हणून मोटारस्टँडवर जाऊन करकंबवरून जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरला ह्यांनी निरोप दिला. मोटार सुरू झालेली, ड्रायव्हरचा एक पाय आत, एक बाहेर. निरोप असा: "कुंडलिकदादाला सांगा, आत्यासाठी चिक मिळंना झालाय. लई हिंडलो. चिक मिळाला न्हाय, तर आत्या काय आता हितं राहत न्हाईत."

ड्रायव्हरनं तो करकंबच्या पानवाल्याला सांगितला. पानवाल्यानं वस्तीकडे निघालेल्या एका गड्याला. भावजींच्या कानी पडला तेव्हा त्यातला 'हितं' हा शब्द वाटेत कुठंतरी सांडला होता. आत्यासाठी चीक मिळेना, आत्या काही आता राहत नाहीत.

खेड्यातल्या माणसाला चीक म्हटल्यावर काय आठवणार? व्यालेल्या म्हशीचं पहिलं दाट दूध. म्हातारं माणूस जाताना कशाकशाची वासना धरतं, कुणी बोरं मागतं, कुणी माहेरच्या विहिरीचं पाणी. आत्यांचा जीव चिकात अडकलाय, आणि सोलापूरसारख्या एवढ्या शहरात पोराला तो मिळत नाही! योगायोग असा, की भावजींची म्हैस आदल्या रात्रीच व्याली होती. आमच्याकडं पहिला चीक देवाला दाखवल्याशिवाय घराबाहेर काढत नाहीत. भावजींनी देवाला हात जोडले, "तुजं माघारी बगू" म्हणाले आणि कळशी भरली.

इकडं आम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. दुपारी मी आत भाकरी थापत होते. आत्या ओसरीवर सरकत सरकत उन्हाच्या पुढं पुढं राहत होत्या. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. असा हंबरडा, की माझ्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली.

बाहेर येऊन बघते तो आमच्या जाऊबाई, बजाबाई. डोळ्यांवर पदर, एक हात कपाळावर, ठेचकाळत येताहेत आणि सूर लावून रडताहेत. "माज्या आत्याबाईऽ, आता मला बजी म्हनून कोन हाक मारंल गंऽ. मला कदी वाकडं बोलला न्हाई गंऽ." मागून भावजी, खांद्यावर घोंगडी, डोक्यावर ओल्या फडक्यात बांधलेली कळशी, चेहरा काळवंडलेला. आणि त्यांच्या मागं निम्मी गल्ली.

बजाबाईंनी पदर डोळ्यांवरून काढलाच नाही. पायरी चाचपत वर आल्या आणि समोर जे माणूस लागलं त्याच्या गळ्यात पडल्या. ते माणूस आत्याच होत्या.

आत्या जन्मभराच्या अनुभवी. दारात रडत आलेल्या बाईला आधी कोण गेलं विचारत नाहीत, आधी रडतात. त्यांनीही गळा काढला. "गेलीस का गंऽ माजे बायेऽ, कशी सोन्यावानी व्हती गंऽ." दोघी गळ्यात गळा घालून डोलत होत्या. बजाबाई म्हणत, "दुपारचं कदी झोपू दिलं न्हाई, तरी चांगल्या व्हत्या गंऽ." आत्या म्हणत, "व्हय गंऽ, लई चांगली गंऽ." खाली उभ्या असलेल्या बाया बघून रडू लागल्या. मला हसू येईना की रडू येईना. तोंडानं नुसतं "सिद्धेश्वरा, सिद्धेश्वरा" चाललं होतं.

जरा दम लागला तशी आत्यांनी बजाबाईंच्या कानात विचारलं, "कोन गेलं गं?"

"तुमी की," बजाबाई हुंदका देत म्हणाल्या.

मग त्यांनी पदर काढला.

 भावजींनी मात्र निरोपाचा अर्थ लावला होता तो पक्का. त्यांना वाटलं, चीक मिळेपर्यंत धरून ठेवलाय जीव. डोक्यावरची कळशी उतरवून ते घाईघाईनं गुडघ्यावर बसले, वाटी बुडवली आणि म्हणाले, "आत्या, आऽ कर. लवकर कर."

"कच्चा?" आत्या म्हणाल्या. "गूळ कुटंय?"

सगळा उलगडा व्हायला वेळ लागला. हे पाळीवरून आले, मोटारीचा निरोप पुन्हा सांगितला, चिक म्हणजे काय ते हातवारे करून दाखवलं. भावजींनी कपाळाला हात लावला. मी चिकात गूळ-वेलदोडा घालून वाफेवर ठेवला, आधी देव्हाऱ्यापुढं वाटी दाखवली, देवाचं राहिलेलं फेडलं, आणि मग पातेलंभर खरवस आख्ख्या गल्लीत वाटला. रडायला आलेल्या बाया पानावर खरवस घेऊन घरी गेल्या. अशी मयत त्यांनी पाहिली नव्हती.

पण मूळ गोष्ट जिथल्या तिथं होती. भावजी उन्हात भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "ते काय बी असू दे. आडोसा कुटं हाय? आता आलोच हाय, तर आत्याला घिऊनच जातो. सकाळच्या मोटारीनं."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं. हे जमिनीकडं.

बोलल्या त्या बजाबाई. वस्तीवर जिचा हुंकार ऐकू येत नाही असं आत्या सांगत, ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "न्ह्यायचं न्हाय."

"का गं?"

"मी वस्तीपासनं मोटारीपतूर रडत आलेय. वाटंतल्या समद्या बाया माज्यासंगं रडल्यात. पाटलीनबाई तर धाय मोकलून रडली. आता उद्या ह्यांस्नी जितं घिऊन त्याच वाटंनं जाऊ? लोक शेण घालत्याल तोंडात! म्हनत्याल, बजीनं कवतिकाला रडून घेतलं."

"मग काय करायचं?"

"ह्या हितंच राहू द्या. गावात इचारलं तर सांगू, खरवस खाल्ला आन् जीव परतला."

"अगं, पर आडोसा न्हाय ना!" भावजी ओरडले. शब्दाचा माणूस. एकदा बोलले ते बोलले.

बजाबाईंनी पुढं होऊन त्यांच्या खांद्यावरची घोंगडी ओढली. काळीकुळीत, जाड, मेंढीच्या लोकरीची, धनगरानं विणलेली. "बांदा," त्या म्हणाल्या.

"माजी घोंगडी?"

"मग काय माजं लुगडं बांदता?"

भावजींनी आणि ह्यांनी मिळून ती तुळईला बांधली. खरं सांगते, ऊन असं अडलं की ओसरीवर दिवेलागण झाल्यासारखं वाटलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात घोंगडीमागून आत्यांचा आवाज आला, "कुंडलिका, काय दिसंना की रं."

"ऊन न्हाय ना लागत?"

"ऊन न्हाय. पर मानूस बी न्हाय. ह्यात आन् वस्तीत फरक काय मग? हितं येक भोक पाड."

"नवी घोंगडी हाय, आत्या!"

"मी काय जुनी मागितली व्हती? पाड."

भावजींनी विळीवर घोंगडीचा मधला भाग धरला. मोठा जिवावर आलेला चेहरा होता. भोक पडलं, मी कडेनं दोरा घातला, आणि त्यातून आत्यांचं तोंड बाहेर आलं. काळ्या घोंगडीत मधोमध एक गोल सुरकुतलेला चेहरा, कपाळावर घाम, दातांना मिश्री. गिरणी सुटलेली. पहिलाच माणूस जो दिसला त्याला आत्या म्हणाल्या, "काय रं, आज उशीर?" तो असा दचकला की चप्पल तिथंच टाकून पळाला.

मग लोकांना सवय झाली. एखादा नवखा मात्र वाटेत थांबे, चप्पल काढी आणि त्या तोंडाला हात जोडून उभा राही. आत्या त्याला "बरं व्हईल, जा" असं म्हणत. मी त्यांना एकदा रागावले, देवाची थट्टा बरी नव्हे म्हणाले. तर म्हणाल्या, "त्येला बरंच व्हावं असं मला वाटतंय, त्यात थट्टा कसली?" 

जिवंत माणसासाठी कुणी रडलं की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. बजाबाई आणि आत्या दोघीही रडल्या होत्या, त्यामुळं असेल, पण आत्या त्यानंतर पुष्कळ जगल्या. बजाबाई दर उन्हाळ्याला घोंगडी कशी आहे ते बघायला म्हणून येऊ लागल्या, आणि आल्या की भोकाजवळची जागा धरायच्या. वस्तीवर वर्षभर न बोललेलं सगळं त्या तिथं बसून बोलायच्या. दोघींची जुंपायची. तोंडं दोन आणि भोक एक.

शेवटी मी म्हटलं, "आत्याबाई, दुसरं एक पाडू का?"

"नगं गं बाई," आत्या आतून म्हणाल्या. "मग घोंगडी कुटं राहील?"